उपयोगिता प्रमाणपत्र

सत्तावीस मार्चला पैसे आले.
एकतीसला परत जाणार होते,
वळकटी न सोडताच निघणाऱ्या पाहुण्यासारखे.

तोमरबाबू म्हणाले, मॅडम, बिल आजच लावा,
दुकान ठरलेलं, यादी ठरलेली,
आपली फक्त सही.
ऑटोतून खोकं आलं :
उड्यांच्या दोऱ्या बारा, मुठी मात्र अकरा जोड,
थाळी एक, लाकडी, कड उडालेली,
व्हॉलीबॉल तीन,
नेट एक.

खांब?
खांब दुसऱ्या मदीत आहेत, बाबू म्हणाले,
बांधकामाच्या.
ती मद यंदा उघडली नाही.

आमचे दादा लेखाशीर्ष म्हणायचे.
ग्वाल्हेरात चार पिढ्या गेल्या तरी
घरचा हिशेब मराठीतच.
इथे मद म्हणतात. बरोबरच आहे,
ज्याच्या हाती असतो त्याला तो चढतोच.

कंपूच्या मागे आमची शाळा.
मैदानाला दोन बाजूंनी भिंत, तिसरीकडे नाला,
चौथीकडे, मान वर केली तर, किल्ला.
झाड एकच, कडुलिंब, तेही कोपऱ्यात.
त्याला नेट बांधलं तर दुसरं टोक
प्राचार्यबाईंच्या खिडकीच्या गजाशी पोचायचं,
आणि तिथे कूलर होता.

फोटो मात्र हवा होता,
अक्षांश-रेखांशासकट :
नेट ताणलेलं, मुली खेळताना, मागे शाळेची पाटी.

मी तरन्नुमला हाक मारली, आणि रजनी बाथमला.
अकरावीतल्या दोघी,
उंचीपायी पहिलीपासून शेवटच्या बाकावर बसवलेल्या.
म्हटलं, धरा गं. फोटोपुरतं.

फोटो निघाला, वर गेला.
पण चेंडू हवेत होता,
त्याला कोण सांगणार की काम झालं?

नियमाने नेट दोन मीटर चोवीस.
आमचं तरन्नुमच्या मुठींइतकं.
तास सुरू होताना ताठ,
मग हळूहळू दोघींचे हात भरून यायचे,
घंटेच्या सुमाराला
नेट चांगलं वीतभर उतरलेलं असायचं,
आणि नेमकी तेव्हाच सहावीतली गुड्डन कुशवाह,
जी अजून शाळेच्या टाकीच्या तोटीला
टाचा उचलून पोचते,
स्मॅश मारायची.

मी पाळ्या लावल्या. दर दहा मिनिटांनी खांब बदला.
रजनी सुटायची, धावत जायची.
तरन्नुम हटायची नाही.
बाई, म्हणायची, नेटला चेंडू नुसता घासला
तरी मला मनगटात आधी कळतं.
शिट्टी माझ्या गळ्यात,
निकाल तिच्याकडे.

प्रमाणपत्रात रकाना होता :
सामग्री सुस्थितीत आहे काय?
लिहिलं, होय.
लाभार्थी संख्या?
एकशे बारा लिहिताना
त्या दोघी आत धरायच्या की बाहेर,
पेन जरा थांबलं.
मग कळलं, सामग्रीच्या रकान्यातही
त्यांचीच सुस्थिती लिहिली मी.

मद उघडली ती दोन वार्षिक परीक्षांनंतर.
लोखंडी पाइप दोन, हिरवे, सिमेंटात रोवलेले.
ठेकेदाराने टेप लावून दाखवली,
दोन चोवीस, मिलिमीटरचाही फरक नाही.
मी सही केली. या वेळी खरी.

रजनी लग्न होऊन भिंडला.
तरन्नुम हजीऱ्याला, शिवणाच्या कारखान्यात.
निरोप दिला तर सुट्टीच्या दिवशी आली.
गुड्डनला म्हणाली, मार, नेटवरच मार.
स्वतः पाइप मुठीत धरून उभी राहिली,
डोळे मिटून.
चार चेंडू झाले.
यात काही कळत नाही, बाई, म्हणाली,
आणि ओढणीला हात पुसला. रंग ओला होता.

गुड्डन आता आठवीत.
दुसऱ्या दिवशी पूर्ण तासभर उड्या मारत राहिली.
घंटा झाली तशी धापा टाकत आली,
नेटकडे पाहिलं, खांबांकडे पाहिलं,
विचारलं,
बाई, हे दमत नाहीत का?