जादा पंखा

मे महिन्यात उजनी उतरली,
जुन्या गावच्या गिरणीचा जोता
हातभर पाण्याखाली येऊन बसला.
तिथंच गेलं नावेचं पातं.

सोलापूरला, मंगळवार बाजारात
बंदेनवाजनं पोत्यावर दोन पंखे मांडले.
"नवा साडेचार हजार. जुना चौदाशे.
किलोवर नाही ओ, चालतंय त्याचा भाव वेगळा."

जुन्याच्या एका पात्याला खाच,
कुणीतरी कानशीनं घासून गोल केलेली.
कुठल्या पाण्यात, कुठल्या दगडाला,
विचारलं नाही.
बोट घालून बघितलं, आतले दाते शाबूत.

गिरजा म्हणाली होती, एकदाचा नवाच आणा.
पण जादा म्हणून ठेवायचा,
आणि जोता काय सरकणार आहे थोडाच?
बाराशेला दिला.
वर ग्रीसची अर्धी डबी.

एसटीत मांडीवर पिशवी, एक पातं बाहेर.
कंडक्टर म्हणाला, "छताचा का ओ?
लई बारका दिसतोय."
म्हटलं, गावाकडं लावायचाय.
"कुठलं गाव?"

सांगितलं.
त्यानं मशीनमध्ये दोनदा शोधलं,
मग करमाळ्याचं तिकीट दिलं.