भागत नाही

नागोसे सरांनी गेरूनं लिहिला होता तो,
गोठ्याच्या चुन्याच्या भिंतीवर, हात हात उंचीचे आकडे:
७३९३९१३३
सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.
राळेगावच्या अलीकडे, नाला ओलांडला की डावीकडे.

बंडीवाल्यांना वाटे फोन नंबर आहे,
दोन आकडे पेंटरनं खाल्ले.
कोणी म्हणे मटक्याचा.
तलाठी तर गट नंबर समजून सातबाऱ्यात शोधत बसला.

मी सातवीत होतो.
"दोननं पाह्य. तीननं पाह्य. अकरानं, सतरानं, एकोणीसनं पाह्य.
भागत नाही लेका, कोणाच्यानंच भागत नाही."
मी रात्रभर भागाकार मांडले,
दर वेळी काहीतरी बाकी उरलं,
आईनं कंदील विझवला.

मग बकरी आली.
सरांचीच, कानतुटकी. अंग घासायची भिंतीला,
नेमकी उजव्या टोकाला.
पोळ्यापर्यंत शेवटचा तीन गेला.
सरांनी गेरू नाही कालवला, खडू घेऊन बसले:
७३९३९१३. हाही भागत नाही.
दिवाळीत आणखी एक तीन. ७३९३९१. नाही.
एक गेला. ७३९३९.
नऊ गेला. ७३९३.
तुरीला शेंगा धरल्या, भिंत आखडत चालली,
तरी कुठं फट नाही.
७३९. ७३.
होळीला नुसता सात उरला,
आणि सातही सातच.

"आन् तिनं डावीकून घासलं असतं तर?" मी विचारलं.
सर हसले. "सात पुसून पाह्य."
३९३९१३३. अकरानं गेला, बिनबाकीचा,
वाळल्या बोंडासारखा तडकला.
"आता उजवीकडं एक आकडा वाढव, कोणताही."
एक लावला, तीननं फुटला. सात लावला, तीननंच.
उरलेल्या तीन आणि नऊनं माझे चार दिवस खाल्ले,
पण फुटले तेही.
"इथं त्याचा धुरा," सर म्हणाले,
"पुढं त्याचं वावर नाही."
अन् बकरीला पाला टाकला.

आता मी जिनिंगच्या काट्यावर बसतो.
भरलेलं वजन, रिकामं वजन, हमाली, घट,
डोळ्यांच्या पापण्यांवर दिवसभर रुई.
येणारा प्रत्येक जण म्हणतो, बापू, एवढ्यात भागत नाही.
मी मान हलवतो.
त्यांना वाटतं मला त्यांचं दुःख कळलं.

परवा साहेबांनी गाठी मोजायला लावल्या.
सातशे एकोणचाळीस.
दोघा भागीदारांत वाटा: एक उरते.
तिसरा म्हणाला, माझाही हिस्सा धरा.
धरला. एक उरते.
संध्याकाळपर्यंत कॅल्क्युलेटर फिरत राहिला ह्या हातातून त्या हातात,
चहा आला, पुन्हा मोजल्या, तेवढ्याच.
मी काही बोललो नाही.
उरलेली गाठ यार्डात, चौकीदाराच्या खाटेजवळ पडून आहे,
तिच्या उजव्या कडेला
कोणाची तरी बकरी पाठ घासते.