आडवी घे

पाठीवर सतरा नंबर,
स्केचपेननं कागदावर लिहिलेला, चार पिनांनी टोचलेला.
चौथी पीन आईच्या साडीची, तोंड नीट न मिटणारी,
चौतीस किलोमीटर
खांद्यापाशी काहीतरी सांगत राहिली.

सायकल परतवाड्याच्या मावसभावाची, सुहासदादाची.
हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं, गियर सात,
त्यातले चार लागतात.
माझी स्वतःची निळी, आठवीत शाळेतून मिळालेली,
कॉलेजच्या कुंपणाला टेकून उभी,
रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी.

पाच कॉलेजांच्या मिळून नऊ पोरी.
उंबरकर सरांनी शिट्टी तोंडात धरली,
काढली, म्हणाले, "ट्रॅक्टर आला तर थांबा बरं,"
आणि पुन्हा धरली.

लाडखेडपर्यंत वारा पाठीशी.
हरभरा घाट्यांवर आलेला.
एका ठिकाणी अर्ध्या डांबरावर तूर वाळत घातलेली,
उरलेल्या अर्ध्यातून आम्ही एकामागं एक
सुईतून दोरा ओवावा तशा.
कानाला दुपट्टा बांधलेला एक बुढा उठून उभा राहिला,
"कुठी चालल्या व पोरीहो, येवढ्या घाईनं?"
कुणीच सांगितलं नाही.
सांगायला श्वास लागतो.

लाडखेडच्या ड्रमला वळसा घातला
आणि तोच वारा तोंडावर आला.
बाकीच्या मागं मागं विरत गेल्या.
उरलो मी आणि एक्केचाळीस नंबर, पुसदची.
तिनं मागं न बघता कोपर हलवलं,
ये पुढं, तुझी पाळी.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं,
की वारासुद्धा वाटून खाता येतो.
शंभर पायडल तू, शंभर मी.
डोळे तिच्या मागच्या चाकावर, मधी एक वीत,
तिच्या टायरची धूळ माझ्या दातांत,
माझी तिच्या.
नाव विचारायचं राहून गेलं.

पेट्रोल पंपाच्या पुढं रूळ आहेत.
गाडी बंद पडून वर्षं झाली,
रुळांमधी तरोटा उगवतो, बकऱ्या बसतात,
पण रस्त्यातले रूळ अजून शाबूत, तिरपे,
आणि कडेला चाक गिळेल एवढी फट.
आमच्याकडच्या प्रत्येक गुडघ्यावर
त्या फटीची सही आहे.
माझ्या डाव्या.

जाताना सगळ्या घोळक्यात होतो,
सरांच्या गाडीमागं, हळू.
तिच्या ध्यानात आले नसतील.
आता ती पुढं होती. जोरात होती.
दोनच शब्द होते, आडवी घे.
घशातून वर आले, जिभेवर बसले.
मी ते गिळले नाहीत,
बाहेरही काढले नाहीत.
मी फक्त बघत राहिले
तिच्या चाकाकडं.

तिनं हँडल खेचलं,
अख्खी सायकल उचलली
कुंपण ओलांडणाऱ्या रोह्यासारखी,
आणि रुळांच्या पलीकडं उतरली, तशीच धावती.
मी नेहमीसारखी वळवून, काटकोनात,
शहाण्यासारखी पार केली
आणि बारा हात मागं पडले.
तेवढ्याच अंतरानं दुसरी आले.

प्रमाणपत्रावर खेरडेचं खेडकर झालं.
दुरुस्त करून घेतलं नाही.
ती मंडपाच्या बांबूला टेकून संत्र सोलत होती.
अर्धं माझ्या हातावर ठेवलं.
"मस्त ओढलंस गं. एकटीनं नसतं झालं मला."
मी म्हणाले, हाव.
फोडीतली बी दाताखाली आली,
कडू, आणि थुंकायला जागा नव्हती.

आता रोज सकाळी निळी त्या रुळांवर येते.
पुढं कुणी नसतं.
एखादा दूधवाला, नाहीतर कुत्रं.
हँडल वळवताना मी मोठ्यांदा म्हणते.
बकऱ्या मान वर करतात,
बघतात,
पुन्हा तरोट्याकडं वळतात.