मापाचा डबा

पहिल्या दिवशी मी त्यांना संगणक सुरू करू देत नाही.
किसुमूत दुपारी तशीही वीज जाते
आणि सगळी बाकं माझ्याकडे बघत बसतात,
जणू पुढचं वाक्य त्या तारेतूनच येणार होतं.
वह्या घ्या, मी म्हणते. काठावर जायचंय.

ओकेयोचा प्रकल्प तेव्हाच तयार होता.
वाळवलेल्या ओमेनाचा हिशेब, फोनवर.
दोन रात्री जागून केलेला, कोणालाही न विचारता.
देखणा होता, खोटं कशाला बोलू.
बोटाखाली लोण्यासारखा सरकायचा.
वजन लिहा : किलो.
दशांश चिन्हापुढे दोन घरं.

मिन ओबुराने, म्हणजे ओबुराच्या आईने,
लेसोला हात पुसले, फोन घेतला,
उन्हात तिरका धरून वाचला
आणि परत दिला.
"किलो कोण मोजतं इथे?"

तिच्यापुढे पत्र्याचा डबा. गोरोगोरो.
कधीकाळी त्यात वनस्पती तूप होतं.
तळाला पोचा, आतल्या अंगाला,
अंगठा बुडेल एवढा.
मी विचारलं, हे मापात पाप नाही का?
ती हसली. बाजूच्या दोघीही हसल्या.
"पाप लपवलेलं असतं, बाई.
पोचा तर सगळ्यांना दिसतो.
जिचा खोल, तिचा भाव पाच शिलिंग कमी.
आणि वर एक मूठ."

केरुबो भराभर लिहीत होती.
तिने मान वर केली :
"मूठ कुणाची? तुमची की गिऱ्हाइकाची?"
मिन ओबुराने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.
"माणूस बघून," ती म्हणाली.

परतताना मटाटूत ओकेयो खिडकीला डोकं टेकून.
"त्यापेक्षा त्यांनाच किलो शिकवू या ना, मॅडम."
कंडक्टर सुटे पैसे मागत होता.
मी काही बोलले नाही.

बोलले ते दुसऱ्या दिवशी, फळ्याकडे तोंड करून,
कारण हे मला समोर बघून सांगता येत नाही.
सव्वीस वर्षांची होते. नैरोबीत नोकरी, तिसरा मजला.
पगाराच्या प्रोग्राममध्ये एक अट माझी :
आडनावाचं घर रिकामं असेल तर नोंद अपुरी,
बाजूला काढा.
चाचण्या सगळ्या पास झाल्या.
चाचण्यांतली नावं मीच रचली होती,
सगळी दोन शब्दांची.

एक्केचाळीस रखवालदार बाजूला निघाले.
त्यातला लोक्वावी जिना चढून वर आला.
खुर्ची दिली तरी बसला नाही.
"माझं नाव एवढंच आहे, मॅडम.
अजून कुठून आणू?"

अट काढायला चार मिनिटं लागली.
त्याच्या मुलीची शाळेची फी
त्या महिन्यात कुणी भरली, मी विचारलं नाही.
तेही विचारलं नाही.

खडू खाली ठेवला तेव्हा वर्गात
पंख्याशिवाय कशाचा आवाज नव्हता.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले,
इस्त्रीचा शर्ट, घाईत.
रकान्यांवरून बोट फिरवत एके ठिकाणी थांबले.
"हे काय, मूठ?
आकडा आहे की अक्षरं?"

ओकेयोने घसा खाकरला.
आधीचा ओकेयो असता तर ठोकून दिलं असतं काहीतरी.
"अजून ठरलं नाही, सर.
सध्या ती जागा मोकळी सोडलीय.
तिथे तिला बोलून ठेवता येतं, आवाजात.
पुढच्या महिन्यात परत जाऊन बघणार, वापरते का."

दोन गुण गेले. मी भांडले नाही.
भांडायला हवं होतं, असं आता वाटतं.

रात्री त्यांच्या बदलांची नोंदवही चाळली.
पानंच्या पानं : "दुरुस्ती", "दुरुस्ती २", "आता खरंच शेवटची".
मग रविवारची एक ओळ, ओकेयोच्या नावाची :
किलो काढला. विचारून.

गुरुवारी नवा गट येतोय.
प्रकल्प तयार आहे म्हणतात.