झाकली मूठ

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा ओफेली काचेच्या पेटीत होती,
तीन दिवसांची, ओल्या टॉवेलासारखी.
दूध ओढत नव्हती.
रडायची तेव्हा तोंड उघडायचं, आवाज यायचा नाही.
मला वाटलं, बाई पेटीकडे जातील.
त्या माझ्याकडे आल्या, हात पुढे केला.
मी हात मिळवला
आणि मला तो सोडवेना.

नवं नव्हतं त्यात काही.
दाराच्या मुठीवरून माझी बोटं उशिरा निघतात,
हिवाळ्यात तर फारच.
चीजच्या दुकानात सुरी खाली ठेवेपर्यंत
मी गिऱ्हाइकाशी हवापाण्याचं बोलून घेते.
बाईंनी हात ओढून घेतला नाही.
उभ्या राहिल्या, जणू आम्ही दोघी बसची वाट पाहतोय.
बोटं सुटली एकेक करून.
मग म्हणाल्या, "वडिलांचंही असंच व्हायचं का?"

वडिलांचं, ल्युजेर गोबेयचं,
गावात नाव होतं चिक्कू म्हणून.
चर्चमध्ये वर्गणीची थाळी यायची,
नाणं मुठीत, मूठ थाळीवर, आणि उघडायची नाही.
मागच्या बाकावरचे खोकल्यात हसू लपवायचे.
ल्युजेरची मूठ काही सैल सुटत नाही!
आई म्हणायची, हसू देत. झाकली मूठ बरी.
प्रवचनात ते झोपायचे. पस्तिशीत टक्कल.
आजोबा ओदिलाँना पन्नाशीत मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत,
बाकी ठणठणीत, मरेपर्यंत लाकडं फोडली.

मी घरच्या गमती सांगत होते.
बाई कागदावर चौकोन काढत होत्या, वर्तुळं काढत होत्या,
आणि त्यातली काही शाईनं भरत होत्या.

रक्ताच्या नळ्या क्यूबेकला निघाल्या
त्या आठवड्यात डोंगरातला रस्ता बर्फानं बंद.
उत्तर मार्चमध्ये आलं.
एकोणिसाव्या गुणसूत्रावर तीन अक्षरं, पुन्हा तीच,
पुन्हा तीच,
माळेचा मेरुमणी हरवलेल्या माणसाच्या जपासारखी.
इतरांत ती पाच-पंचवीस वेळा येऊन थांबतात.
माझ्यात चारशे.
ओफेलीत चौदाशे.
आजोबांची आता कोण मोजणार.
पिढीगणिक वाढत जातं, बाई म्हणाल्या,
आईकडून आलं तर कधी एकदम.
'आईकडून' हा शब्द त्यांनी
काठोकाठ भरलेली बशी ठेवावी तसा माझ्यासमोर ठेवला.

याला नाव आहे, मायोटोनिक डिस्ट्रॉफी,
आमच्या साग्नेच्या खोऱ्यात नर्सांना ते पाठ आहे.
वाटलं होतं, नाव कळलं की रडू येईल.
तर डोक्यात आलं ते भलतंच:
बाबा चिक्कू नव्हते.
आणि हे सांगायला गेले तर
मागचा बाक कधीचा रिकामा.

रेजाँला मात्र सांगायला हवं होतं, माझ्या धाकट्या भावाला.
तो गोठलेल्या फ्योर्डवर, लाल रंगाच्या लाकडी खोपटात,
बर्फातल्या भोकात गळ सोडून बसलेला.
त्याची बायको जूनमध्ये बाळंत होणार.
मी बोलले. तो पाण्याकडे पाहत राहिला.
म्हणाला, "एका नळीभर रक्तासाठी
सगळं घर उघडं करायचं?"
तेवढ्यात मासा लागला, छोटासाच.
त्यानं तो काढला, बादलीवर हात नेला.

मासा तडफडत होता
आणि हात बादलीवर तसाच.
"थंडी," तो म्हणाला.
मी हो म्हटलं.
मनात मोजत होते,
चार, पाच, सहा.