मोरी

समुद्र इतका जवळ, की खिडकीच्या काचेवर मीठ.
आणि वेटर सांगत होता,
कॉड आइसलँडचा, कोळंबी व्हिएतनामची.
आजचं असं काय आहे, विचारलं
तर जरा आठवून म्हणाला,
सूप.

श्रीरंगला मेन्यूतलं एकमेव वांगं सापडलं होतं.
मी उठले.
त्याने वांग्याच्या ओळीवर शेवटचं बोट फिरवलं
आणि तोही उठला.

हेस्टिंग्जला बंदर नाही.
होड्या गोट्यांवरून ओढून वर घेतात, करकरत,
इथे ट्रॅक्टर ओढतो,
दांडीवर आम्ही ओढायचो, शाळा बुडवून.
मागे जाळ्यांच्या काळ्या उंच कोठ्या
अंग चोरून उभ्या,
लग्नाच्या फोटोत मागे ढकललेल्या काकांसारख्या.

चिप्सच्या टपरीवर पाटी होती, ‘रॉक सॅमन’.
कुठला हा सॅमन?
तळणारा पोरगा कानकोंडा झाला.
सॅमन नाही तो, म्हणाला, डॉगफिश आहे.
कुत्र्याचं नाव लिहिलं तर कोण खाईल?

मोरी!
मी एवढ्याने ओरडले की छपरावरच्या सीगलने पाय बदलला.
अगो, तू? इथे?
बाळंतिणीच्या ताटातली तू,
काळ्या वाटणात रटरटणारी,
काट्याचं भय नाही म्हणून
दात न आलेल्यांना आणि दात गेलेल्यांना चालणारी,
इथे पिठाचा कोट घालून
दुसऱ्याचं आडनाव लावून बसलीस?
असू दे.
माझ्याही हॉस्पिटलच्या बिल्ल्यावर ‘मिश’ आहे.
शर्मिष्ठा कोणाच्या तोंडात मावत नाही.

तळलेली नको होती पण.
कोठ्यांच्या मागे एक लाकडी खोपटं,
फळीवर खडूने, ‘पहाटेचं’.
आत मॉरीन, गुडघ्यापर्यंत बूट, सुरीला धार लावत.
मी विचारलं नाही काही.
बांगड्याचा कल्ला अंगठ्याने उचलला.
आत्ये म्हणायची, डोळो फसवता, कल्लो फसवणा नाय.
जास्वंदीसारखा लाल होता.
अंगाला वास नव्हता, नुसतं पाणी होतं.

मॉरीन माझ्या अंगठ्याकडे बघत होती.
घरी कोण जातं दर्यावर?

अकरा वर्षांत मला इथे विचारलंय
हवेबद्दल, योगाबद्दल,
मुळात तू कुठली याबद्दल.
हे पहिल्यांदा.
सगळेच जायचे, म्हटलं.
आता चुलतभाऊ जातो एकटा, तेही डिझेल परवडलं तर.
तिने मान हलवली, डिझेल या शब्दावर,
आणि आपला अंगठा पुढे केला,
दोरीने आडवा कापलेला, जुना वण.
मी माझा दाखवला नाही.
एक्स-रे काढणारीचा अंगठा, मऊ.

सहा बांगडे.
आणि मोरी सोलून दिली तिने,
पॉलिश पेपरसारखी कातडी एका हिसक्यात,
मला कधी जमली नाही ती.
कॉडची डोकी बादलीत पडली होती.
टाकायचीच आहेत, नेतेस?
नेतेस काय विचारते बाई!

लंडनच्या गाडीत टनब्रिजच्या आसपास बर्फ वितळला.
समोरच्याने लॅपटॉप मिटला
आणि डब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उघडला.
एक मुलगी ओढणीत, म्हणजे स्कार्फमध्ये, नाक खुपसून बसली.
मी खिडकीबाहेर बघितलं, मेंढ्या होत्या.

श्रीरंग वाईचा.
चातुर्मासात कांदासुद्धा घरात न येणाऱ्यांतला.
त्याने माझ्या पायाशी गळणारी पिशवी उचलली,
मांडीवर घेतली,
खाली आपला रुमाल लावला, इस्त्रीचा,
आणि मेंढ्यांकडे बघतच विचारलं,
तिरफळं आहेत ना घरी?

आहेत, म्हटलं.
नऊ.