ळ

सेतू केंद्राच्या फळीवर हात टेकून
ती म्हणाली, "चंद्रकया."
आमच्या दारव्ह्याकडे ळ तोंडात टिकत नाही.
डोया दुखतो, केय पिकते,
पोटात कय येते.
ऐकू येतं ते एक, टाइप करायचं ते दुसरं;
मधे रोजचा नाला, उडी मारून जायचा.

पासबुकात ती इंग्रजी.
त्यावरून मशीननं स्वतःच परत मराठी केली:
चंद्रकाला कालबांदे.
दोन्ही ळ गेले, ड चा द झाला,
आणि क ला कुणाचा तरी काना चिकटला.
जुन्या यादीत बरोबर होतं,
पण ती यादी आमच्या पडद्यावर फुटते.
नवऱ्याच्या हिरामणमधला ह गायब,
वेलांटी तेवढी उरलेली,
ठिपक्यांच्या एका पोकळ गोलाला धरून.
रांगोळीचे ठिपके घालून
कुणी मधूनच उठून गेल्यासारखी.

परवा उकंडा मडावी आला होता.
आधीची तीन लेकरं राहिली नाहीत
म्हणून मायनं उकिरड्यावर लोळवून ठेवलेलं नाव.
कुणीतरी सुधारून त्याचा अंकुश केलाय.
तो विचारत होता,
"आता नजर अंकुशले लागन का मले?"
तक्रारीच्या अर्जात
या प्रश्नाला रकाना नाही.

ल आणि ळ एकाच कळीवर राहतात.
ळ वरच्या मजल्यावर; शिफ्ट दाबून धरावी लागते.
तेवढं एक बोट
कुणाकुणाचं रिकामं नव्हतं इतकी वर्षं,
बँकेत, तहसिलीत, माझंसुद्धा.

मी दाबली. प्रिंट काढून दिली.
तिला वाचता येत नाही.
बोट फिरत फिरत ळ वर थांबलं.
"हे का होय बापू? जोडव्यावानी दिसते."
मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं
आणि पदर सारखा केला.

पडद्यावर तांबडी ओळ:
नाव जुळत नाही. पुन्हा प्रयत्न करा.
"सोमवारी या," म्हटलं.
"हाव," म्हणाली. हे तिला नवीन नव्हतं.

पिशवी फळीवरच राहिली होती.
मी दारातून ओरडलो, "ओ चंद्रकयाबाई!"
चौथीत गुरुजींनी छडीनं मोडलेला य
कुठून आला कोण जाणे.
ती भर रस्त्यात
लगेच थांबली.